एकविसाव्या वर्षी दिलेला शब्द

इंग्रजी साहित्य घेऊन बीए करत असाल, तर चार्ल्स लॅम्ब हे नाव तुम्हाला नवीन नाही. त्याचा ‘ड्रीम चिल्ड्रन’ हा निबंध कधी ना कधी अभ्यासक्रमात येऊन गेलेला असतो. गाइडमध्ये त्याच्याबद्दल ठरलेल्या चार ओळी असतात. जन्म १७७५, मृत्यू १८३४. कवी आणि निबंधकार. ‘एलिया’ हे टोपणनाव. शैली हळवी आणि विनोदी. आपण त्यावर पाच मार्कांची टीप लिहितो आणि विसरून जातो.

त्या चार ओळींत एक तारीख मात्र बहुतेक वेळा नसते. २२ सप्टेंबर १७९६. त्या दिवशी चार्ल्स एकवीस वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यातल्या अनेकांच्याच वयाचा. त्या दिवशी त्याच्या घरात जे घडलं, आणि नंतर त्याने जे ठरवलं, ते माहीत नसेल तर त्याचा विनोद अर्धाच कळतो. म्हणून आज थोडं सविस्तर.

वकिलांच्या वसाहतीतलं घर

लंडनमध्ये ‘इनर टेंपल’ नावाची वकिलांची जुनी वसाहत आहे. बागा, कारंजी, दगडी इमारती आणि पलीकडे थेम्स नदी. चार्ल्सचा जन्म तिथला, १० फेब्रुवारी १७७५चा. मात्र हे घर वकिलाचं नव्हतं. त्याचे वडील सॅम्युअल सॉल्ट नावाच्या वकिलाकडे कारकून होते आणि घरगडीही. साहेबांच्या कृपेने राहायला जागा होती. सात मुलं झाली, त्यातली तीन जगली. थोरला जॉन, मधली मेरी आणि शेंडेफळ चार्ल्स. मेरी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. आई फारशी मायाळू नव्हती, त्यामुळे चार्ल्सला अक्षरओळख करून देण्यापासून त्याचे लाड करण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. सॉल्टसाहेबांच्या घरी पुस्तकांची भरलेली कपाटं होती. दोघं भावंडं तिथे हाताला लागेल ते पुस्तक वाचत बसायची.

सातव्या वर्षी त्याला ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’मध्ये घातलं. नावात हॉस्पिटल असलं तरी ही शाळा, गरीब घरच्या मुलांसाठीची, लांब निळ्या कोटाच्या गणवेशासाठी प्रसिद्ध. तिथे त्याला दोनेक वर्षांनी मोठा एक मित्र भेटला, सॅम्युअल टेलर कोलरिज. हो, पुढे मोठा कवी झाला तोच. कोलरिज बोलायला लागला की पोरं भोवती जमायची. चार्ल्स मात्र बोलताना अडखळायचा. हे तोतरेपण त्याला महागात पडलं. त्या शाळेतली निवडक हुशार मुलं विद्यापीठात जात आणि पुढे बहुतेक धर्मोपदेशक होत. ज्याला चर्चमध्ये उभं राहून सलग बोलता येणार नाही, त्याला त्या वाटेला कोण पाठवणार? कोलरिज केंब्रिजला गेला. चार्ल्सची शाळा चौदाव्या वर्षी संपली.

आता नोकरी. थोडे महिने एका कंपनीत काढून तो ५ एप्रिल १७९२ रोजी लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या एका मोठ्या कचेरीत चिकटला. कचेरी होती ईस्ट इंडिया कंपनीची. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली तीच कंपनी! चहा, नीळ, कापड असा पूर्वेकडून येणारा माल, त्याचे भाव, त्याचे हिशेब जाडजूड वह्यांत उतरवायचे, हे त्याचं काम. पहिली तीन वर्षं तर पगारच नव्हता, उमेदवारी होती. पुढे इकडे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हाही हा तिकडे त्याच टेबलाशी आकडे मांडत बसला होता. भारतात तो कधी आला नाही. भारत त्याच्यासाठी वहीतल्या रकान्यांत होता.

ती दुपार

१७९२ मध्येच सॉल्टसाहेब वारले आणि टेंपलमधली जागा सोडावी लागली. चार्ल्सची पहिली ओढ एका मुलीवर होती, अ‍ॅन सिमन्स. आजी हर्टफर्डशरमध्ये एका मोठ्या वाड्याची देखभाल करायची, तिथल्या गावची ती. ते काही जमलं नाही. १७९५च्या अखेरीला त्याचं स्वतःचं मन ढासळलं आणि सहा आठवडे तो हॉक्सटनच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. त्यातून तो बाहेर आला आणि पुन्हा कधी त्याला तसा झटका आला नाही. १७९६ मध्ये कोलरिजच्या कवितासंग्रहात चार्ल्सची चार सुनीतं छापून आली. एकवीस वर्षांचा कारकून आता कवी म्हणवून घेऊ शकत होता.

घरी मात्र सगळा भार मेरीवर होता. आई अंथरुणाला खिळलेली. वडिलांची स्मृती जात चाललेली. म्हातारी आत्या घरात. मेरी दिवसभर शिवणकाम करून पैसे मिळवायची, आणि रात्री आईच्या उशाशी जागायची. मोठा भाऊ जॉन वेगळा राहायचा, त्याचं बरं चाललं होतं. २२ सप्टेंबरला दुपारच्या जेवणाची तयारी चालू असताना मेरीचा तोल सुटला. हाताखाली शिवण शिकणाऱ्या मुलीच्या मागे ती सुरी घेऊन धावली, आई मध्ये पडली आणि तो वार आईवर झाला. वडिलांच्या कपाळालाही जखम झाली. चार्ल्सने ताईच्या हातातून सुरी काढून घेतली, पण तोवर आई गेली होती.

चौकशी झाली. मेरीने हे वेडाच्या भरात केलं, असा निर्णय झाला, त्यामुळे तुरुंग आणि फाशी टळली. पण आता तिचं करायचं काय? तिला कायमचं सरकारी वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं, असं सुचवणारे होते, आणि त्यात मोठा भाऊ जॉनही होता. त्या काळातली ती इस्पितळं म्हणजे साखळदंड आणि गवताची गादी. चार्ल्सने नकार दिला. आपल्या तुटपुंज्या पगारातून त्याने तिला इझलिंग्टनच्या एका खासगी ठिकाणी ठेवलं. ती बरी झाल्यावर अधिकाऱ्यांना शब्द दिला की हिची जबाबदारी माझी, आयुष्यभर.

जरा थांबून विचार करा. एकवीस वर्षांचा मुलगा. आई गेलेली, तीही ताईच्या हातून. वडील भान हरपलेले. त्यानंतर काही दिवसांतच त्याने कोलरिजला कळवलं, की कवितेचं नावही आता काढू नकोस. आपल्या कविता त्याने नष्ट करून टाकल्या. लेखक होण्याचं स्वप्न त्याने तिथेच गुंडाळून ठेवलं. निदान त्याला तसं वाटलं.

दोघांचं घर

वडील १७९९ मध्ये वारले आणि मेरी कायमची त्याच्याकडे राहायला आली. त्यांचं हे भावाबहिणीचं घर पुढे पस्तीस वर्षं टिकलं.

‘टिकलं’ हा शब्द सोपा आहे, ते सोपं नव्हतं. मेरीचा आजार जवळपास दरवर्षी उलटायचा. येणार असला की तिला आधी चाहूल लागायची. मग दोघं इस्पितळाच्या वाटेला लागायची. एकदा ओळखीच्या एका माणसाने त्यांना हॉक्सटनजवळच्या शेतांतून जाताना पाहिलं होतं. दोघं हातात हात घालून चालली होती आणि दोघंही रडत होती. प्रवासाला निघताना सामानात मेरीला आवरण्यासाठीचा बंद्यांचा अंगरखाही असायचा. शेजारी कुजबुजायला लागले की घरमालक जागा सोडायला सांगायचा. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मेरी बरी होऊन परत यायची आणि घर पुन्हा सुरू व्हायचं.

आता एक गैरसमज टाळूया. मेरी म्हणजे चार्ल्सच्या गळ्यातलं ओझं, असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. बरी असताना ती त्या दोघांत जास्त समंजस होती. विल्यम गॉडविनच्या प्रकाशनासाठी दोघांनी शेक्सपिअरची नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात लिहिली. ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’, १८०७. एकाच टेबलाशी दोघं बसायची. वीसपैकी चौदा गोष्टी मेरीच्या, शोकांतिकांच्या सहा चार्ल्सच्या. तरी पहिल्या आवृत्तीवर नाव फक्त चार्ल्सचं छापलं गेलं. आजही जगभर छापलं जाणारं हे पुस्तक मुख्यतः तिचं आहे, हे लक्षात ठेवा. १८१५ मध्ये तिने टोपणनावाने शिवणकामावर एक लेखही लिहिला. ज्या बायकांना गरज नाही त्या हौसेखातर शिवत बसतात आणि पोटासाठी शिवणाऱ्या बायकांची कमाई जाते, हा त्यातला मुद्दा. शिवणकामाने आपलं काय केलं, हे जिला माहीत होतं, तिने तो लिहिला.

चार्ल्सही काही संत नव्हता. दारू पिणं त्याला आवरायचं नाही. दुसऱ्या दिवशी पस्तावायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ग्लास. या सवयीवर त्याने लिहिलंसुद्धा. कचेरीला तो मनापासून कंटाळलेला असायचा. पण आठवड्यातून एका संध्याकाळी त्याच्या घरी मैफल जमायची. वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज, हॅझलिट, गॉडविन अशी मंडळी यायची. टेबलावर थंड मांस, बिअर, पत्त्यांचा डाव. त्यांत अडखळत, पण नेमक्या वेळी कोटी करणारा हा बुटका कारकून. त्या घराचं दुःख माहीत असलेले मित्र त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

याच काळात त्याने एक प्रहसन लिहिलं, ‘मिस्टर एच’. १० डिसेंबर १८०६ला ते ड्रुरी लेनसारख्या नामांकित नाट्यगृहात लागलं आणि पहिल्याच रात्री पडलं. प्रेक्षक फूत्कारून निषेध करायला लागले, तेव्हा लेखक स्वतःही त्यांच्यात सामील झाला! आपलं नाटक पडतंय आणि आपणच त्याची हुर्यो उडवतोय. तुमचं एकांकिका स्पर्धेतलं नाटक पडलं, तर हा किस्सा आठवा.

एलिया

कवी म्हणून त्याचं नाव राहिलं ते थोड्या कवितांमुळे. हरवलेल्या ओळखीच्या चेहऱ्यांवरची १७९८ची ‘द ओल्ड फॅमिलियर फेसेस’ त्यातली सगळ्यांत माहितीची. पण त्याचं खरं लेखन सुरू झालं पंचेचाळिसाव्या वर्षी. ऑगस्ट १८२०च्या ‘लंडन मॅगझिन’मध्ये एक निबंध आला, खाली सही ‘एलिया’. निबंध होता एका जुन्या कचेरीवर आणि तिथल्या कारकुनांवर. तिथेच त्याने कोवळ्या वयात थोडे महिने काम केलं होतं. भाऊ जॉन अजून तिथे नोकरीला होता, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने जुन्या एका सहकाऱ्याचं आडनाव घेतलं.

मग एकामागून एक निबंध. जुनी चिनीमातीची भांडी, भाजलेलं डुक्कर, धुराडी साफ करणारी पोरं, उसनवारी करणारी माणसं, पत्त्यांचा डाव, शाळेचे दिवस. विषय साधे. लिहिणारा ज्ञान पाजळत नाही, तुमच्या शेजारी बसून बोलतो, मध्येच थट्टा करतो, मध्येच गप्प होतो. हा बाज पुढे इंग्रजीत रुजला आणि शंभर वर्षांनी आपल्याकडेही आला. फडके, खांडेकर, काणेकर यांचा जो लघुनिबंध तुमच्या आईवडिलांनी शाळेत वाचला, तो याच इंग्रजी निबंधाच्या कुळातला.

हे सगळं त्याने लिहिलं ते कचेरी सांभाळून. दिवसभर हिशेब, संध्याकाळी घर, मेरी आजारी असली की काळजी, आणि उरलेल्या वेळात लेखन. आपली खरी ग्रंथसंपदा कचेरीतल्या हिशेबाच्या वह्यांतच आहे, असं तो गमतीने म्हणायचा. ‘आधी सेटल होऊ, मग आवडीचं करू’ आणि ‘नोकरी सोडून पॅशन पकडू’, या दोन्ही वाटा तुम्ही रोज ऐकता. लॅम्बला दोन्ही बंद होत्या. उरलेल्या वेळात जे जमलं ते त्याने केलं. आपण आज तेच वाचतो.

आता ‘ड्रीम चिल्ड्रन’कडे पुन्हा वळूया. १८१९च्या जुलैमध्ये त्याने फॅनी केली या अभिनेत्रीला पत्र लिहून लग्नाची मागणी घातली होती. तिने नम्रपणे नकार दिला. त्याने त्याच दिवशी उत्तर पाठवलं, रुसवा नाही, तक्रार नाही, वर एक छोटीशी कोटी. दोघांची मैत्री टिकली. १८२१ मध्ये भाऊ जॉन वारला. आणि जानेवारी १८२२ मध्ये हा निबंध छापून आला. त्यात एक बाप आपल्या दोन मुलांना संध्याकाळी गोष्टी सांगतो. पणजीच्या, मोठ्या वाड्याच्या, नुकत्याच गेलेल्या काका जॉनच्या, आणि ज्या मुलीची आपण वर्षानुवर्षं वाट पाहिली तिच्या. सांगता सांगता मुलं धूसर होत जातात. ती नव्हतीच कधी. बाप खुर्चीत एकटा जागा होतो, आणि शेजारी बहीण बसलेली असते.

परीक्षेत आपण लिहितो, ‘लेखकाचा हळवेपणा दिसतो’. पण बघा, जो भाऊ जबाबदारीच्या वेळी बाजूला राहिला, त्याच्याबद्दल त्यात एक कडू शब्द नाही, आठवण आहे ती प्रेमाने. आणि स्वप्न मोडल्यावर जी खरी उरते, ती बहीण आहे. निबंधात तिचं नाव ब्रिजेट. ती कोण, हे वाचकांना माहीत नव्हतं. लॅम्बने आपलं सगळं आयुष्य निबंधांत आणलं, ती एक दुपार सोडून.

सुट्टी

तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर १८२५च्या वसंतात कंपनीने त्याला निवृत्त केलं. वर्षाला ४५० पौंड पेन्शन. त्यातून ९ पौंड कापले जायचे, आपल्यामागे मेरीला काही मिळत राहावं म्हणून. सुटकेच्या आनंदात त्याने एक निबंधही लिहिला. पण हळूहळू त्याला कळलं की मोकळा वेळही जड होतो. जिला आयुष्यभर शिव्या घातल्या, ती कचेरी त्याला आठवायला लागली.

मध्यंतरी या दोघांनी एमा इझोला नावाच्या अनाथ मुलीला घरी आणून वाढवलं. १८३३ मध्ये तिचं प्रकाशक एडवर्ड मॉक्सनशी लग्न झालं आणि घर पुन्हा दोघांचंच झालं. मेरीचे आजाराचे काळ आता लांबत चालले होते. तिला सारखं नेणं-आणणं सोसेना, तेव्हा एडमंटनमध्ये मनोरुग्णांना सांभाळणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी तिला ठेवलं. चार्ल्सला दुसरीकडे राहता आलं असतं. तोही त्याच घरात राहायला गेला.

जुलै १८३४ मध्ये कोलरिज गेला. शाळेपासूनचा मित्र गेल्यावर चार्ल्स सावरलाच नाही. डिसेंबरमध्ये रस्त्यावर ठेच लागून तो पडला, चेहऱ्याला खरचटलं, जखम चिघळली. २७ डिसेंबर १८३४ रोजी तो गेला. वय ५९. मेरी तेव्हा आजारीच होती. ती पुढे बारा वर्षं जगली. १८४७ मध्ये ती गेल्यावर एडमंटनच्या चर्चच्या आवारात भावाच्या शेजारीच तिला पुरलं. त्या दुपारची हकिकत चरित्रकार टॅलफर्डने १८४८ मध्ये छापली, तेव्हा कुठे वाचकांना कळली. तोवर दोघांच्या साऱ्या मित्रांनी तोंड बंद ठेवलं होतं.

आपल्याकडे आजही घरातला मनाचा आजार झाकला जातो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आईची, भावाची, आजीची अशी काळजी घेणं चालू असेल. कॉलेजात ते कुणालाच माहीत नसेल. लेक्चर, सबमिशन, मित्रांचे प्लॅन आणि घरी परतल्यावर तो दुसरा दिवस. तुम्हाला लॅम्बसारखाच शब्द द्यावा लागेल असं नाही, त्याच्या काळात नव्हती ती औषधं आणि डॉक्टर आज आहेत, मदत मागता येते. पण हे सगळं निभावत असतानाही माणूस हसू शकतो, मित्र जमवू शकतो, लिहू शकतो, एवढं त्याच्याकडे बघून नक्की कळतं.

‘ड्रीम चिल्ड्रन’ चार पानांचा निबंध आहे. गाइड बाजूला ठेवा आणि एकदा मूळच वाचा. शेवटी खुर्चीशेजारी बसलेल्या त्या बहिणीपाशी आलात, की आता तुम्हाला तिचं खरं नाव माहीत आहे.